लिथियम : नळातले आणि गोळीतले

लिथियमची गोळी पुण्याला नवी नाही. ससूनच्या मानसोपचार विभागात, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, डेक्कन-कोथरूडच्या खासगी दवाखान्यांत ती गेली कित्येक दशके लिहून दिली जाते. घरी आल्यावर तिचे काय होते, हे ज्या घरांत ती येते त्यांनाच ठाऊक. पट्टी स्वतःच्या खोक्यातून निघून दुसऱ्याच औषधाच्या खोक्यात जाते. डॉक्टरांची चिठ्ठी साड्यांच्या घडीखाली. पाहुण्यांसमोर घ्यायची वेळ आलीच तर ‘थायरॉइडची आहे’ असे सांगितले जाते. त्यात थोडे तथ्यही असते, कारण लिथियम वर्षानुवर्षे घेणाऱ्यांपैकी काहींना थायरॉइडची गोळीही पुढे खरोखरच लागते. घरातल्या मुलामुलींची लग्ने जमेपर्यंत हा कारभार असाच चालतो. काही घरांत त्यानंतरही.

अशा या औषधाचे नाव आता सकाळी सारसबागेत फिरायला येणारी, सत्तरी ओलांडलेली, मनाने ठणठणीत माणसे मोठ्याने घेऊ लागली आहेत. निमित्त झाले ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाचे. हार्वर्डमधल्या ब्रूस यांक्नर यांच्या गटाने माणसांचे मेंदू तपासून आणि उंदरांवर प्रयोग करून अल्झायमर आणि मेंदूतले लिथियम यांचा संबंध दाखवला आणि बातमी फिरत फिरत ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपर्यंत पोचली. पोचेपर्यंत त्यातले उंदीर गळून पडले होते आणि ‘विसरभोळेपणावर साधे मीठ’ एवढेच उरले होते. मुलगा न्यू जर्सीहून येतोच आहे, त्याला लिथियमची एक बाटली आणायला सांगू का, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढील पानांचा विषय हाच आहे: अल्प प्रमाणातले लिथियम आणि निरोगी म्हातारपण. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा लावून धरायचा आहे. या विषयातली आशा आणि धोका दोन्ही मोजमापावर उभे आहेत. आणि लिथियम मोजून घेणे म्हणजे काय, हे या शहरात ज्यांना अनुभवाने कळले आहे ती माणसे आपण औषधाच्या पट्टीसकट लपवून ठेवली आहेत.

म्हणून आधी हिशेब. लिथियम कार्बोनेटची भारतात मिळणारी नेहमीची गोळी ३०० मिलिग्रॅमची असते. त्यातले सगळे वजन काही लिथियमचे नसते, शुद्ध लिथियम भरते सुमारे ५६ मिलिग्रॅम. उन्मादाच्या आजारात दिवसाला अशा दोन, तीन, कधी चारही गोळ्या लागतात. आता नळाचे पाणी घ्या. ज्या देशांत पाण्यातले लिथियम तपासले गेले तिथे बहुतेक ठिकाणी ते लिटरमागे एकआकडी किंवा दोनआकडी मायक्रोग्रॅम एवढेच निघाले. लिटरला १० मायक्रोग्रॅम धरले आणि माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो असे मानले, तर पोटात जातात २० मायक्रोग्रॅम. एका गोळीतले लिथियम त्याच्या २,८०० पट. अमेरिकेत पूरक आहार म्हणून बाटलीतून विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या लिथियम ओरोटेटच्या गोळीत साधारण ५ मिलिग्रॅम लिथियम असते, म्हणजे त्या पाण्याच्या २५० पट आणि मानसोपचाराच्या एका गोळीच्या अकराव्या हिश्श्याइतके. वर्तमानपत्राच्या मथळ्यात या तिन्ही गोष्टींना ‘लिथियम’ हेच एक नाव असते. वाचकाने एक फळा मनात टांगून ठेवावा आणि पुढे कुठलाही अभ्यास वाचताना आधी त्या फळ्यावर बोट ठेवावे: हा पाण्याचा अभ्यास आहे, बाटलीचा की गोळीचा?

ही गल्लत जुनी आहे. लिथियम १८१७ मध्ये स्वीडनमध्ये योहान आर्फवेडसन यांना पेटलाइट नावाच्या खनिजात सापडले. सगळ्या धातूंत हलके. आज पुणेकराला लिथियम म्हटले की विजेवरच्या स्कूटरची बॅटरी आठवते, पण शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत ते पाण्याच्या बाटलीतून विकले जायचे. यूरिक आम्लाचे खडे लिथियमच्या क्षारात विरघळतात, हे काचेच्या नळीत दिसले होते. त्यावरून संधिवातावर लिथियमचे पाणी प्यायची टूम निघाली. नळीत जे विरघळते ते सांध्यातही विरघळेल, एवढ्या भांडवलावर ती काही दशके चालली. १९२९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या सेव्हन-अपमध्येही लिथियमचे सायट्रेट होते, ते १९४८ मध्ये काढले गेले. त्याच सुमारास तिथल्या हृदयविकाराच्या रोग्यांना जेवणात मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरायला मिळू लागले. चव मिठासारखी, आणि सोडियम नाही. लोकांनी ते सढळ हाताने पानात घेतले. माणसे आजारी पडली, काही दगावली, आणि १९४९ मध्ये ते मीठ दुकानांतून उचलले गेले.

आणि १९४९ मध्येच, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, जॉन केड यांचा निबंध छापून आला. केड ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षे जपान्यांच्या कैदेत काढलेली. मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या एका साध्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. उन्मादाच्या रोग्यांच्या लघवीत काही विष असावे, अशी त्यांची कल्पना होती. ती चूक निघाली. पण लघवीतले यूरिक आम्ल पाण्यात विरघळावे म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार घेतला, तो गिनीपिगांना टोचला, आणि एरवी धडपड करणारे ते प्राणी उताणे केले तरी शांत पडून राहिले. (ही शांती बहुधा विषबाधेची होती, असे आता मानतात.) केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले आणि मग दहा उन्मादग्रस्तांना दिले. पहिला रोगी पन्नाशीतला, पाच वर्षे सतत उन्मादात असलेला. वॉर्डात कुणालाही नकोसा झालेला हा माणूस काही आठवड्यांत सावरला, काही महिन्यांत घरी आणि कामावर परतला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. त्याने औषध सोडले, तो परत आजारी पडला, परत औषध सुरू झाले आणि १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. केड यांनी आपल्या रुग्णालयात लिथियम थांबवले.

लिथियमचे औषध झाले ते त्यानंतर, आणि तेही रक्तातले लिथियम मोजायची सोय झाल्यामुळे. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू यांनी १९५४ पासून रीतसर चाचण्या केल्या. अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडले. भारतात १९८३ मध्ये दिलीप संघवी यांनी सन फार्मा सुरू केली ती मोजकी मानसोपचाराची औषधे घेऊन, आणि त्यांतले पहिले लिथियमच होते. पेटंट नाही, गोळी स्वस्त. म्हणूनच तिच्यावर मोठ्या चाचण्यांसाठी पैसा ओतायला कुणी फारसे पुढे येत नाही, हेही लिथियमच्या कहाणीतले एक कायमचे दुखणे आहे.

रक्तातली पातळी लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या आसपास ठेवायची. वय झालेल्यांत त्याहून खाली. १.५ च्या वर गेली की विषबाधेची चाहूल लागते: हाताची थरथर वाढते, जुलाब होतात, जीभ जड पडते, चालताना तोल जातो. उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांच्यात इतके कमी अंतर असलेली औषधे रोजच्या वापरात थोडीच आहेत. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, म्हणजे रात्री गोळी घेणाऱ्याने सकाळी लॅबमध्ये जायचे. सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच, मधूनमधून कॅल्शियम. लिथियम घेणाऱ्या पुणेकराच्या फायलीत असे दहा-वीस वर्षांचे कागद असतात. ती फाइल म्हणजे मोजमापाची शिस्त. बाटली मागवणाऱ्याकडे नेमकी तीच नसते.

आता पाण्याकडे वळू, कारण अल्प लिथियमची चर्चा खरी तिथून सुरू झाली. १९९० मध्ये गेरहार्ड श्राउझर आणि त्यांच्या सहकाऱ्याने टेक्सासमधल्या २७ काउंट्यांतल्या नळाच्या पाण्याची सांगड तिथल्या आत्महत्यांच्या नोंदींशी घातली. जिथे लिथियम जास्त तिथे आत्महत्या कमी. २००९ मध्ये जपानच्या ओइता प्रांतातल्या १८ नगरपालिकांतून तसेच चित्र आले. मग जर्मन-जपानी गटाने २०११ मध्ये त्याच ओइताचे आकडे पुन्हा काढले. या वेळी एकूण मृत्यूदर पाहिला, आणि तोही लिथियम जास्त असलेल्या गावांत कमी निघाला. त्याच निबंधात एक मिलिमीटरच्या जंतांना तेवढेच थोडे लिथियम दिल्यावर ते जास्त जगल्याचेही होते. दीर्घायुष्य हा शब्द लिथियमला चिकटला तो तिथे.

२०१७ मध्ये डेन्मार्कमधून आलेला अभ्यास या सगळ्यांत वजनदार. डिमेन्शिया झालेले ७३,७३१ लोक आणि त्यांच्या तुलनेला न झालेले सात लाखांहून जास्त. त्या देशात प्रत्येकाचा पत्ता आणि आजार यांची नोंद असते, त्यामुळे कोण किती वर्षे कुठल्या विहिरीचे पाणी प्याला याचा अंदाज बांधता येतो. लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर लिथियम असलेल्या भागांत डिमेन्शियाचे प्रमाण सर्वांत कमी लिथियमच्या भागांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आले. इथपर्यंत बातमीत आले. बातमीत न आलेले असे, की मधल्या गटात, ५ ते १० मायक्रोग्रॅमच्या भागांत, ते २२ टक्क्यांनी जास्त होते. थोडे घेतले तर वाईट आणि अजून थोडे घेतले तर चांगले, असे औषध सहसा वागत नाही. पाण्याबरोबर त्या गावांतल्या आणखी कुठल्या तरी गोष्टी मोजल्या गेल्या असाव्यात, अशी शंका घ्यायला इथे जागा आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत असा अभ्यास झाला, त्यात लोकवस्तीचे इतर घटक हिशेबात धरल्यावर लिथियम आणि डिमेन्शिया यांचे नाते उरलेच नाही. आणि २०२३ मध्ये पुन्हा डेन्मार्कमधूनच, गर्भवतींच्या पिण्याच्या पाण्यात लिथियम जास्त तिथे मुलांत स्वमग्नता किंचित जास्त, असाही संबंध पुढे आला. आजोबांसाठी पाण्यात लिथियम घालावे म्हणणाऱ्यांनी त्याच नळाचे पाणी घरातली सूनही पिते हे विसरू नये.

डेन्मार्कचे पिण्याचे पाणी जवळजवळ सगळे जमिनीखालचे. ते खडकांतून झिरपत, क्षार घेत वर येते. पुण्याचे तसे नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही आपली धरणे सह्याद्रीतल्या पावसाच्या पाण्याची, आणि खालचा दगड दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. लिथियम साठते ते ग्रॅनाइटी खडकांत, विशेषतः पेग्मटाइटच्या शिरांत. म्हणूनच भारतात त्याचा शोध कर्नाटकात मंड्याजवळ घेतला गेला. बसाल्टमध्ये ते त्या मानाने कमी. त्यात पुण्यातल्या निम्म्या चर्चा पाण्याच्या टँकरच्या. वाघोली, बावधन, हिंजवडीकडच्या सोसायट्यांत धरणाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच टाकीत पडते आणि वर स्वयंपाकघरात आरओचे यंत्र असते. आरओ पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकते आणि त्यात लिथियमची सुटका नाही. ओइताचे किंवा कोपनहेगनचे निष्कर्ष पुण्याच्या नळाला जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवर आपले लग्न ठरवणे.

लिथियम शरीरात नेमके करते काय, याची उकल पुढे सविस्तर येईल, म्हणून इथे थोडक्यात. लिथियमचा आयन आकाराने मॅग्नेशियमच्या जवळपास आहे. जिथे मॅग्नेशियमने बसायचे तिथे तो घुसतो. त्यामुळे काही विकरांचे काम मंदावते. त्यांतले महत्त्वाचे जीएसके-३. लिथियम ते रोखते हे १९९६ मध्ये दाखवले गेले आणि चित्र एकदम पालटले, कारण हेच विकर चेतापेशींतल्या टाउ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते आणि अल्झायमरच्या मेंदूत सापडणारे गुंते त्याच टाउचे असतात. पेशीतला कचरा साफ करायच्या यंत्रणेलाही लिथियम चालना देते. म्हातारपण म्हणजे बऱ्याच अंशी न निघालेला कचरा, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांना ते साहजिकच आवडते.

पण प्राण्यांतही गोष्ट पुन्हा मात्रेवर येते. लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने २०१६ मध्ये फळमाश्यांना थोडे लिथियम दिले, तर त्यांचे आयुष्य साधारण १६ टक्क्यांनी वाढले. जास्त दिले तर घटले. पुढे २०२१ मध्ये त्याच गटाने उंदरांवर प्रयोग केला. उतारवयातल्या तब्येतीत थोडा फरक दिसला, आयुष्य मात्र वाढले नाही. जंत, माशी, उंदीर या चढणीवर दर पायरीला फळ लहान होत गेले आहे आणि माणूस त्याच्याही वरच्या पायरीवर आहे. जाता जाता सांगायचे तर, जवळजवळ म्हातारपणच न येणारा प्राणी म्हणून शास्त्रात ज्याचा बोलबाला आहे त्या हायड्राचा एक वाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वर्णिला गेला आणि त्याच्या नावातच पुणे आहे. त्याला आजवर कुणाकडून बाटली मागवावी लागलेली नाही.

माणसांवरच्या चाचण्या मोजक्या, पण त्यांतली ब्राझीलची साखळी लक्ष देण्याजोगी. साओ पावलोत ऑरेस्टेस फॉर्लेन्झा यांनी विस्मरणाची सुरुवात झालेल्या पण अजून डिमेन्शिया नसलेल्या ज्येष्ठांना लिथियम दिले. रक्तातली पातळी ०.२५ ते ०.५ ठेवली, म्हणजे मानसोपचारातल्या पातळीच्या निम्म्याच्या आसपास. २०११ चा पहिला अहवाल ४५ जणांचा. पुढे २०१९ मध्ये जास्त लोक आणि जास्त वर्षे घेऊन पाहिले, तेव्हा औषध न घेतलेल्यांची घसरण झाली आणि घेतलेल्यांची त्या मानाने थांबली. ब्राझीलमध्येच दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या रोग्यांना दिवसाला फक्त ३०० मायक्रोग्रॅम देऊन पंधरा महिन्यांनी असाच परिणाम नोंदवला गेला. उलट जर्मनीत दहा आठवडे पूर्ण मात्रेत लिथियम देऊन काहीही फरक आढळला नव्हता. दहा आठवड्यांत अल्झायमरचे काय ठरणार, हा आक्षेप रास्तच. पण ३०० मायक्रोग्रॅमच्या निकालावर विश्वास ठेवायचा तर तो कुणीतरी मोठ्या संख्येवर पुन्हा करून दाखवायला हवा, हेही तितकेच रास्त.

केंब्रिजमधल्या एका अभ्यासाने २०२२ मध्ये सरळ जुन्या फायली उघडल्या. पन्नाशीपुढच्या, मानसोपचार सेवेत आलेल्या २९,६१८ लोकांपैकी ५४८ जणांनी लिथियम घेतले होते. त्यांच्यात डिमेन्शिया ९.७ टक्के, इतरांत ११.२. वय, आजार वगैरेंचा हिशेब केल्यावर फरक आणखी वाढतो. मला हा अभ्यास सर्वांत जवळचा वाटतो. त्यात नवे औषध नाही, नवा प्रयोग नाही. ज्यांना दुसऱ्याच कारणासाठी हे औषध घ्यावे लागले आणि ज्यांच्या आजारात डिमेन्शियाचा धोका मुळात जास्त असतो, त्या माणसांच्या नोंदी फक्त नीट जपलेल्या होत्या.

आणि मग यांक्नर यांचा निबंध. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत त्यांनी २७ धातू मोजले. विस्मरणाच्या अगदी पहिल्या टप्प्यात ज्याचे प्रमाण लक्षणीय घटलेले दिसले असा एकच धातू निघाला, लिथियम. अल्झायमरमध्ये मेंदूत जमणारे अमिलॉइडचे थर लिथियमला आपल्याकडे ओढून अडकवून ठेवतात, असेही त्यांना दिसले. उंदरांच्या आहारातले लिथियम काढून घेतल्यावर त्यांच्या मेंदूतले लिथियम निम्म्यावर आले आणि थर व गुंते दोन्ही वाढले. अमिलॉइडला कमी चिकटणारा क्षार म्हणून ओरोटेट निवडून अगदी थोड्या मात्रेत दिले, तेव्हा उंदरांची स्मृती सुधारली. ही कल्पना खरोखर नवी आहे: लिथियम हे बाहेरून आणलेले औषध नसून मेंदूला थोडे थोडे लागणारेच द्रव्य असेल. माणसांवरच्या चाचण्या झाल्याखेरीज स्वतःहून लिथियम घेऊ नका, असे खुद्द यांक्नर यांनी सांगितले. ते वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेत कुठेतरी उतरले.

लोक बाटली का मागवतात हे मला कळते. डिमेन्शियाची भीती आता मराठी घरात ओळखीची झाली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिलेल्यांना डॉ. चक्रपाणी शास्त्री आठवतील: संस्कृतचे गाढे पंडित, रस्त्यात हत्ती दिसला म्हणून मोटारीतून उतरून त्याच्यामागे चालू लागलेले, आणि लेक त्यांना शहरभर शोधते आहे. ती भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः पुण्यातले मानसोपचारतज्ज्ञ, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले. त्या पंडिताच्या चेहऱ्यावरचे रिकामेपण अभ्यासातून आलेले आहे हे जाणवते. देशभरच्या ज्येष्ठांच्या ‘लासी’ पाहणीशी जोडलेल्या स्मृती-तपासणीतून असा अंदाज निघाला, की साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १०४ वर्षे काढली, शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतले. पुण्याला म्हातारपण हवे ते असे. शंभरी हवी आणि हिंगण्याचा रस्ताही आठवायला हवा.

अडचण अशी, की पुण्यातल्या सत्तरीच्या माणसाच्या डब्यात आधीच काय काय असते ते पाहावे लागते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी तर हमखास. तिच्यातली दोन्ही औषधे मूत्रपिंडाला लिथियम बाहेर टाकू देत नाहीत. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, तेही तेच करते. मीठ कमी खा, असे डॉक्टरांनी सांगितलेले. मूत्रपिंड लिथियमला सोडियमचा भाऊबंद समजते, आणि शरीरात सोडियम कमी पडले की दोघांनाही धरून ठेवते. शिवाय वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद आपसूक उतरते. यात एप्रिल-मेचा घाम घाला, निर्जळी एकादशी घाला, ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवे घाटाची चढण घाला. मानसोपचारातली माणसे वारीला निघताना डॉक्टरांना विचारून निघतात, पाण्याची बाटली सोडत नाहीत, हगवण लागली तर गोळी थांबवून फोन करायचा हे घरच्यांनाही पाठ असते. ५ मिलिग्रॅमच्या बाटलीने एवढे रामायण होणार नाही, असे कुणी म्हणेल. एका गोळीने बहुधा नाहीच होणार. पण चांगले आहे म्हणून दोन, दोनाने फरक वाटेना म्हणून चार, हा प्रवास आपल्याकडे जीवनसत्त्वांच्या गोळ्यांपासून च्यवनप्राशापर्यंत सगळ्यांचा झालेला आहे, आणि च्यवनप्राशासाठी क्रिएटिनिन तपासावे लागत नाही.

दुसरी भीती उलट दिशेची आहे, आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. ‘थोड्याने भागते’ हे वाचून खरोखर पूर्ण मात्रेची गरज असलेला एखादा रोगी आपली मात्रा स्वतःच कमी करील. लिथियम एकाएकी सोडल्यावर उन्माद जोराने परततो, आणि आत्महत्येपासून रोखण्याची या औषधाची जी शक्ती आहे तीही त्याच्याबरोबर जाते. ज्यांच्या हातात हे पुस्तक आणि डब्यात ती पट्टी, दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी: तुमची मात्रा हा या पुस्तकाचा विषय नाही. तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेली पातळी आणि निरोगी माणसाच्या म्हातारपणासाठी शोधली जाणारी पातळी हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पुण्याला या प्रश्नात स्वतःचे काही घालायचे असेल तर सामग्री जवळ आहे. शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने गावोगावच्या जन्ममृत्यूंची आणि आजारांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यावरच्या पाहणीतही ही गावे होती. शहरात मानसोपचाराच्या जुन्या फायली आहेत. त्यांतली माणसे आता साठी-सत्तरीत पोचली आहेत, आणि केंब्रिजने विचारला तो प्रश्न त्यांनाही विचारता येईल, अर्थात त्यांच्या संमतीने आणि नावे झाकून. त्यासाठी आधी त्यांनी आपल्या घरात गोळीचे खरे नाव सांगण्याइतके वातावरण हवे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानमालांत लिथियमवर बोलायला आतापर्यंत डॉक्टरच येत आले आहेत. एकदा पंचवीस वर्षे ते घेतलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला बोलवावे. तहान किती लागते, हात कधी थरथरतो, रक्त द्यायला उपाशी जावे लागते का (नाही लागत, फक्त सकाळची गोळी आधी घ्यायची नाही), हे तिच्याइतके नेमके कुणी सांगणार नाही.

पाण्याचे काम त्याहून सोपे. धरणाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत, पावसाळ्याआधी आणि नंतर, असे वर्षभर घेऊन तपासायचे. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात धातू मोजणारी यंत्रे शहरातल्या प्रयोगशाळांत आहेत. आरओचे पाणी पिणाऱ्या घरांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी, नाहीतर वारज्यातल्या एकाच मजल्यावरची दोन शेजारी घरे एकच पाणी पितात असे धरले जाईल आणि सगळा तक्ता तिथेच बिघडेल.